रंगाआधी पाणी

गळाला मासा लागला नाही की गरवणारा माणूस दोघांना दोष देतो. आधी भरतीला, मग लुअरच्या, म्हणजे नकली आमिषाच्या, रंगाला. भरती आपल्या हातात नाही, म्हणून तो रंग बदलत बसतो. पांढरा काढून पिवळा, पिवळा काढून चंदेरी, आणि अंधार पडेपर्यंत डबीतले सगळे रंग पाण्यातून काढून होतात. शेवटी एखादा मासा लागलाच, तर त्या क्षणी दोरीला असलेला रंग त्या मोसमाचा ‘चालणारा’ रंग ठरतो आणि पुढच्या रविवारी कुंडलिका नदीच्या काठी रोह्यापासून साळावच्या पुलापर्यंत जो तो तोच रंग लावून उभा. पाणी मात्र त्या रविवारी वेगळे असते. ते कोणी पाहत नाही.

या पुस्तिकेचा सारा खटाटोप या सवयीविरुद्ध आहे. डबी उघडण्याआधी पाणी वाचा, एवढेच तिचे सांगणे. ऐकायला सोपे वाटते. पण पाणी वाचायचे म्हणजे नेमके काय पाहायचे, कुठे उभे राहून पाहायचे, आणि जे दिसले त्याचा रंगाशी संबंध कसा लावायचा, हे मराठीत कोणी सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे मासा खाण्यावर भरभरून लिहिले जाते, मासा पकडण्यावर थोडे, आणि मासा ज्यातून पाहतो त्या पाण्यावर जवळजवळ काहीच नाही.

लेखक धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे. रात्रपाळी करून सकाळी बाहेर पडणाऱ्याला भरतीची वेळ निवडता येत नाही. समोर असेल त्या पाण्यात गळ टाकावा लागतो. बहुधा म्हणूनच त्यांनी ‘चांगले पाणी कधी असते’ हा नेहमीचा प्रश्न बाजूला ठेवून ‘या पाण्यात काय दिसेल’ हा प्रश्न धरला. सवड असलेल्या माणसाला तो सुचला नसता.

एकाच नदीवर पुस्तिका कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कुंडलिकेच्या स्वभावात आहे. भिऱ्याकडून निघून कोलाड, धाटाव, रोहा करत ती रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते. लांबी फार नाही. कोकणातल्या बाकीच्या लहान नद्या दिवाळीनंतर बारीक होतात, मार्चपर्यंत डोहाडोहांत तुटतात. कुंडलिका वाहती राहते, कारण तिच्यात दुसऱ्या नदीचे पाणी येते. घाटावर मुळशीला मुळा नदी अडवून टाटांनी धरण बांधले. भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जायचे ते पाणी नळांतून कोकणात उतरवले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. त्या धरणाविरुद्धचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असतात. त्या पाण्याचे पुढे काय झाले, ते पाहायचे तर कोलाडच्या पुलावर उभे राहावे.

मुळशीच्या जलाशयात महिनोन्‌महिने थांबलेले पाणी आपला गाळ तिथेच टाकून येते. म्हणून हिवाळ्यात कोलाडला नदी हिरवट आणि नितळ दिसते, हात घातला तर गार लागते. शिवाय ती वीजघराच्या वेळापत्रकाप्रमाणे चढते-उतरते. सकाळी पाणी सुटते, राफ्टिंगवाले त्यावर आपल्या होड्या सोडतात, आणि पुढे पाणी ओसरले की तासापूर्वी बुडालेले खडक उघडे पडतात. चढत्या पाण्याबरोबर काठावरचा पाला, धूळ, शेवाळ उचलले जाते, तेवढा वेळ पाणी किंचित मळकट होते, मग पुन्हा निवळते. हा फरक फार थोड्या वेळाचा, पण नितळ पाण्यात बुजून बसणारा मासा नेमक्या त्याच वेळी काठाकडे सरकतो. पुस्तिकेतले कोलाडवरचे प्रकरण मला सर्वांत आवडले ते या निरीक्षणासाठी.

पुढे डोलवहाळचा बंधारा. तिथून कालव्यांनी शेतीला पाणी जाते. कारखान्यांनाही याच नदीचा आधार. बंधाऱ्याखाली उरलेली नदी धाटाववरून रोह्याकडे जाते आणि रोह्याला तिला खाडी भेटते. एके काळी उधाणाच्या भरतीवर गलबते रोह्यापर्यंत येत. आता गलबते नाहीत, भरती मात्र येते. म्हणजे धाटावच्या माणसाच्या एका बाजूला धरणाचे गाळलेले पाणी आणि दुसऱ्या बाजूला चिखलाची खाडी. मोटारसायकलवर एका सकाळी दोन्हीकडे गळ टाकून घरी जेवायला येता येते. एकाच डबीतला एकच लुअर सकाळी आठला आणि अकराला दोन वेगळ्या माशांसारखा दिसावा, अशी जागा जवळपास दुसरी नाही.

खाडीतल्या गढूळपणाबद्दल एक गैरसमज पक्का आहे: वरून माती वाहून येते म्हणून खाडी गढूळ. पावसाळ्यात हे खरे. पण फेब्रुवारीत, नदी वर काचेसारखी असताना, रोह्याखालची खाडी तरी का तांबूस असते? मातीचे अगदी बारीक कण गोड्या पाण्यात सुटे तरंगतात. खारे पाणी मिसळले की एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. हे पुंजके तळाशी बसतात, पुढच्या भरतीला उचलले जातात, पुन्हा बसतात. गोडे आणि खारे पाणी जिथे गाठ घेते त्या पट्ट्यात हा चिखल वर्षभर खाली-वर फिरत असतो. भरतीबरोबर तो वर सरकतो, ओहोटीबरोबर खाली. त्यामुळे खाडीचा सर्वांत गढूळ भाग तोंडाशी नसतो, मध्येच कुठेतरी असतो, आणि तो जागा बदलतो. रेवदंड्याच्या बाजूला पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असताना वर आठ-दहा किलोमीटरवर पाण्यात सोडलेली ताटली वितीभर खाली दिसत नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

यात चंद्राचा हिशेब आहेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात धावते, तळ खरवडते, काठावरच्या चिपीच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांतला चिखल ओढून आणते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत भरती सुस्त असते आणि पाणी निवळते. कोळ्या-आगऱ्यांच्या घरात हे लहान पोरालाही माहीत असते. शहरातून हजारो रुपयांचा रॉड घेऊन आलेल्या माणसाला तिथी विचारावी तर तो मोबाइल काढतो. काढू द्या, पण मोबाइलवर भरतीची वेळ कळते, पाण्याचा रंग कळत नाही. भरती भरून पाणी थांबते तेव्हाचा थोडा वेळ आणि ओहोटी लागल्यावर उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाचरांचे पाणी खाडीत पडू लागते ती वेळ, या दोन्ही वेळा त्याच एका जागी पाण्याच्या पारदर्शकतेत हातभराचा फरक पाडतात. उघाडीच्या तोंडाशी दोन पाण्यांची सरळ रेघ दिसते: एका बाजूला निवळ, दुसऱ्या बाजूला मळकट. जिताडा मासा मळकट बाजूला उभा राहून निवळ बाजूकडे पाहत असतो. या एका रेघेवर पुस्तिकेत पाच पाने आहेत आणि ती कमीच वाटतात.

जून ते सप्टेंबर हे सगळे गणित वाहून जाते. रायगड जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाल पाणी वरून खालपर्यंत एकसारखे. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा लोक पाग, टोपल्या, जे हाती लागेल ते घेऊन ओढ्यांत उतरतात. लुअरचा तिथे प्रश्नच नाही. लेखकांनी हे प्रकरण दोन पानांत उरकले आहे. त्यांनी एक वाक्य जास्त लिहिले असते तर बरे झाले असते: वलगणीला चढणारी मादी अंड्यांनी भरलेली असते आणि तिला ओढ्यात गाठणे म्हणजे पुढच्या वर्षीचे मासे यंदाच खाणे.

आता मोजण्याबद्दल. पाण्याची पारदर्शकता मोजण्याचे साधन जुने आणि हास्यास्पद वाटावे इतके साधे आहे. अँजेलो सेक्की नावाचे इटालियन जेझुइट पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ होते. १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या दोरीने खाली सोडल्या आणि कुठल्या खोलीवर त्या दिसेनाशा होतात ते टिपले. १८९९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी तबकडीचे चार भाग करून दोन काळे, दोन पांढरे रंगवले. तलाव-नद्यांसाठी आजही २० सेंटिमीटरची तीच तबकडी वापरतात. जगभरच्या सरोवरांच्या दीडशे वर्षांच्या नोंदी या एका दोरीवर लोंबकळत आहेत.

घरी ती करायला काही लागत नाही. जुनी स्टीलची ताटली, मध्ये भोक, ऑइलपेंटचे दोन रंग, खाली वजनाला दोन-चार जाड नट. दोरी विणलेली घ्यावी. तंगूस ताणते, मोजमाप चुकते. वितीवितीवर गाठ मारावी. ऊन वर असताना, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान, आपल्या किंवा होडीच्या सावलीच्या बाजूने ताटली सोडावी. दिसेनाशी झाली ती गाठ धरावी, मग सावकाश वर ओढून पुन्हा दिसू लागली ती गाठ धरावी, आणि दोन्हींचा मध्य घ्यावा. गॉगल काढून पाहावे. यात शिकण्यासारखे जे आहे ते आकड्यात नाही, ताटली बुडताना काय होते त्यात आहे. रोह्याच्या पुलाखाली ती सोडून पाहा. पहिली गाठ भिजते तोच पांढऱ्या पाकळ्यांचा पांढरेपणा जातो, त्या पिवळट होतात. काळ्या पाकळ्यांची कड अजून ठळक असते. आणखी चार बोटे खाली गेली की पांढरे चहाच्या रंगाचे होते, आजूबाजूच्या पाण्यासारखेच. काळ्याचा तेवढा एक धूसर डाग राहतो आणि मग तोही जातो. रंग आधी गेला, आकार नंतर गेला. गढूळ पाण्यात लुअरचे काय होते हे याहून स्पष्ट कोणी सांगू शकत नाही.

हीच ताटली हिवाळ्यात कोलाडच्या डोहात सोडली तर वावभर खाली जाऊनही चारही पाकळ्या दिसतात, फक्त पांढऱ्यावर हिरवी झाक येते. तिथे आकार शाबूत, रंगही शाबूत; म्हणून माशाला खोटेपणाही दिसतो.

पाण्याच्या पृष्ठभागावरची चकाकी हा पाणी वाचण्यातला पहिला अडथळा. आपण पाण्याचा म्हणून जो रंग सांगतो तो बऱ्याचदा आभाळाचा असतो. सप्टेंबर १९२१ मध्ये, म्हणजे मुळशीत सत्याग्रह चालू होता त्याच वर्षी, चंद्रशेखर व्यंकट रामन विलायतेहून ‘नारकुंडा’ बोटीने मुंबईला येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे केवळ आभाळाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे मत त्यांना पटत नव्हते. त्यांनी निकोल प्रिझममधून समुद्राकडे पाहिले. प्रिझम योग्य कोनात फिरवला की पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड गळून पडतो. आभाळाचे प्रतिबिंब गेले तरी निळा रंग राहिला, उलट अधिकच खुलला. तो रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मुंबई बंदरातूनच त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहिले. आज गरवणारे जो पोलराइज्ड चष्मा लावतात तो तेच काम करतो: आभाळ पुसतो, पाणी दाखवतो. पाणी वाचायला एवढे एक साधन मी आवश्यक मानतो. ताटली मोजताना मात्र तो उतरवायचा, कारण आकड्यांची तुलना उघड्या डोळ्यांच्या नोंदींशीच होते.

लुअरच्या खोक्यावर रंगांचा तक्ता छापलेला असतो. त्यात लाल रंग पाण्यात सर्वांत आधी नाहीसा होतो आणि निळा सर्वांत खोल जातो असे लिहिलेले असते. स्वच्छ समुद्रापुरते ते बरोबर आहे. शुद्ध पाणी लाल प्रकाश आधी शोषते. पाच-सहा मीटरखाली लाल वस्तू काळपट दिसते. आपल्या नदीचे पाणी शुद्ध नाही. त्यात कुजलेल्या पाचोळ्याचा पिवळा अर्क असतो, मातीचे कण असतात, आणि हे दोन्ही निळा-जांभळा प्रकाश आधी खातात. मग खोलवर पोचतो तो हिरवा-पिवळा प्रकाश, आणि पाणी फारच गढूळ असेल तर नारिंगी-तांबडा. म्हणजे तक्ता उलटा होतो. तो वाचून रोह्याच्या खाडीसाठी लाल लुअर बाद करणारा आणि निळा विकत घेणारा माणूस दोन्हीकडून फसतो. गंमत अशी की निळ्या लुअरला मासा लागतोही. निळा प्रकाश खाली पोचतच नाही म्हणून तो निळा लुअर काळा दिसतो, आणि काळा चालतो म्हणून तो चालतो. श्रेय मात्र निळ्याला.

काळा का चालतो, याचे उत्तर जिताड्याच्या सवयीत आहे. मालवण-गोव्याकडे ज्याला चोणक म्हणतात तोच हा मासा. पेण-अलिबागच्या खारेपाटात तो तळ्यांतही वाढवतात. जन्म खाडीच्या तोंडाशी, बालपण खाजणात, आणि आयुष्याची पहिली काही वर्षे नर राहून पुढे मादी होणारा. खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या दिशेला. तो बांधाच्या दगडांशी, चिपीच्या मुळांशी दबा धरून बसतो आणि भक्ष्यावर खालून वर झडप घालतो. खालून पाहणाऱ्याला वरचा उजेड ही पाटी आणि लुअर हे तिच्यावरचे अक्षर. पाटी मळकट असली तरी उजळच असते, म्हणून अक्षर जितके गडद तितके वाचता येते. पांढऱ्या लुअरचा फायदा तो आडवा पाहताना. दोन्हींची सोय करणारा जुना रंग म्हणजे लाल डोके आणि पांढरे अंग. जगातल्या जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या यादीत तो असतो आणि नव्या पोरांना तो म्हाताऱ्यांचा वाटतो. गढूळ पाण्यात डोके गडद आणि अंग फिकट, असे दोन ठळक तुकडे होतात. रंग गेला तरी तुकडे राहतात.

मासा रंग पाहतो का, हा प्रश्न आता उरलेला नाही. पाहतो, पण आपल्यासारखा नाही. अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातल्या लार्जमाउथ बासवर इलिनॉय विद्यापीठात प्रयोग झाले. त्यांत या माशाला लाल आणि हिरवा चांगले ओळखता आले. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ झाला, तसाच काळ्या आणि निळ्यात. शंभर रुपयांच्या पांढऱ्याशेजारी पाचशे रुपयांचा पोपटी ठेवणाऱ्या दुकानदाराने हा निष्कर्ष गिऱ्हाइकाला सांगू नये. बास आणि जिताडा यांचे डोळे एक नव्हेत, तेव्हा तो जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. पण तो सावध करतो: दुकानात आपल्याला दिसणारे वीस रंग माशाला सात-आठच असू शकतात. दिवस मावळल्यावर तर तेही नाहीत. अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे पडतात, फक्त उजळ-गडद उरते. जिताडा नेमका त्याच वेळी निघतो.

मग डबीत काय ठेवायचे? लेखकांचा सल्ला मोजका आहे आणि मी त्याला दुजोरा देतो. ताटली दोन हातांहून खाली दिसत असेल तर पाठ हिरवट, पोट चंदेरी, अंग अर्धपारदर्शक. बोय माशाच्या पिलासारखा, आणि आकार लहान. चकाकी बेताची, दोरी बारीक. एक-दीड हातापर्यंत दिसत असेल तर मोतिया पांढरा किंवा सोनेरी. पाणी पिवळट असेल तेव्हा सोनेरीच बरा, कारण त्या पाण्यातला उजेडच पिवळा असतो आणि सोनेरी तेवढाच परत फेकतो; चंदेरीला परत फेकायला निळा उजेड मिळत नाही. वितीच्या आत ताटली गेली तर काळा, नाहीतर लाल डोक्याचा पांढरा. पोपटी फ्लुरोसंट रंग निळा आणि अतिनील उजेड घेऊन पोपटी करून देतो, म्हणून तो भोवतालच्या पाण्याहून उजळ वाटतो. पण घेण्यासाठी निळा उजेड खाली पोचायला हवा. चिखलाच्या पाण्यात तो वरच्या हातभर थरातच पोचतो. तेव्हा पोपटी वरून चालवा, खोलात काळा. आणि वितीच्या आतल्या पाण्यात रंगाइतकेच महत्त्व हालचालीला आहे. माशाच्या अंगावरची पार्श्वरेखा पाण्यातली थरथर टिपते. लुअर सावकाश, रुंद डुलत, पोटात खुळखुळणारी गोळी असलेला घ्यावा. भरभर ओढला तर माशाला सापडायच्या आत निघून जातो.

अंधारात चमकणाऱ्या लुअरवर लेखकांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. त्यांनी दिलेली उदाहरणे मी वाचली. त्यातला प्रत्येक मासा पुलावरच्या दिव्याखाली लागलेला आहे, आणि तिथे उजेड आधीच होता. हा वाद वाचकाने स्वतः मिटवावा.

महाग लुअरच्या मोहावर एक जुनी हकिगत पुरेशी आहे. फिनलंडमधले लाउरी रापाला हे गरीब मासेमार. १९३६ मध्ये त्यांनी बुचाचा तुकडा चाकूने कोरून, त्यावर चॉकलेटच्या वेष्टणाची चांदी गुंडाळून आणि फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप देऊन पहिला लुअर केला. आज त्यांच्या नावाची कंपनी जगभर विकते. त्या पहिल्या लुअरला रंगांची यादी नव्हती. जखमी माशासारखी चाल होती, आणि तिथल्या सरोवरांच्या पाण्यात दिसेल इतकी चकाकी होती.

पुस्तिकेतले रंगांनंतरचे प्रकरण मी दोनदा वाचले, कारण त्यात मासेमारीच्या पुस्तकात सहसा नसलेली गोष्ट आहे. पाणी नितळ असले म्हणजे ते चांगले असते असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली तीत कुंडलिकेचे नाव आहे. धाटावच्या वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत आणि धाटाव, रोहा, आरे खुर्द, साळाव इथले पाण्याचे नमुने नियमित तपासले जातात, ते उगाच नाही. पाण्यात विरघळलेले रसायन ताटलीला दिसत नाही. उलट भांगाच्या दिवसांत पाणी निवळलेले असताना प्रवाह मंद असतो आणि जे सोडले जाते ते पातळ व्हायला वेळ लागतो. चिखलाने गढूळ झालेली खाडी माशांनी भरलेली असू शकते आणि काचेसारखा डोह रिकामा. नदीवर रोज जाणाऱ्याला हा फरक इतर खुणांनी कळतो: काठावर फेस रेंगाळतो का, दगडांवरचे शेवाळ कोणत्या रंगाचे आहे, निवट्या चिखलावर उड्या मारताहेत की नाही, लहान बोय पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताहेत का. शेवटची खूण दिसली तर पाण्यातला प्राणवायू कमी झालेला आहे. अशा वेळी कुठलाही रंग लावू नका, रॉड गुंडाळा आणि पाण्याचा फोटो वेळेसकट काढून ठेवा. पाणी वाचायला शिकलेल्या माणसाने फक्त आपल्या गळापुरते वाचावे, हे मला पटत नाही. ताटलीच्या नोंदी तारीखवार ठेवणारी वीस माणसे रोहा-धाटावला निघाली, तर त्या नोंदींचा उपयोग मासे धरण्यापलीकडेही होईल.

पुस्तिकेत एक उणीव आहे आणि ती सांगितली नाही तर ही प्रस्तावना खोटी ठरेल. या नदीकाठचे कातकरी हाताने मासे आणि खेकडे धरतात. दगडाखाली काय आहे हे ते पाण्याच्या हालचालीवरून आणि रंगाच्या बारीक फरकावरून ओळखतात. आगरी-कोळ्यांच्या ज्ञानाची दखल जागोजागी घेतली आहे, कातकऱ्यांची कुठेच नाही. पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण त्यांच्याशी बोलून लिहावे. त्यासाठी लुअर, रॉड, चष्मा यांतले काहीच न्यायला नको.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पुस्तिका सरळ वाचू नये, असे मी सुचवीन. आधी ताटली करावी. ती घेऊन एक भांग आणि एक उधाण एकाच जागी जावे, रॉड घरी ठेवून. मग रंगांचे प्रकरण उघडावे. कोलाडच्या बाजूला जाणार असाल तर नदीच्या मध्यातल्या खडकावर उभे राहू नका. वीजघराचे पाणी सुटले की परतीची वाट बुडते आणि ते कुणाला विचारून सुटत नाही. चिपीत अडकलेली तंगूस तोडून तिथेच टाकू नका, बगळे त्यात गुंतून मरतात. आणि मोठा जिताडा लागला तर एवढे ध्यानात असू द्या की या जातीतला मोठा मासा बहुधा मादीच असतो. फोटो काढा, पोट ओल्या हाताने धरा, आणि सोडून द्या. खाण्यासाठी दोन-तीन किलोचा नर चवीला अधिक चांगला लागतो.